'मेड इन मोंटाना': राज्यात बनलेल्या बंदुकीवर केंद्राचा कायदा चालतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत काही राज्यांनी २००९ पासून असे कायदे केले की आमच्या राज्यात बनलेल्या आणि राज्यातच राहणाऱ्या बंदुकांवर वॉशिंग्टनचं काही चालणार नाही. या कायद्यांविषयी उलटसुलट बरंच ऐकायला मिळतं आणि त्यात अर्धवट माहितीच जास्त असते. अर्धवट माहितीवर विसंबून माणसं गुन्हेगार ठरली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे.

हे नेमके कोणते कायदे?

सुरुवात मोंटानाने केली. 'मोंटाना फायरआर्म्स फ्रीडम ॲक्ट' या कायद्यावर गव्हर्नर ब्रायन श्वाइट्झर यांनी १५ एप्रिल २००९ रोजी सही केली आणि १ ऑक्टोबरपासून तो लागू झाला. कायद्याचं म्हणणं थोडक्यात असं: बंदूक, तिची जोडसाधनं किंवा काडतुसं मोंटानात बनली आणि मोंटानाच्या हद्दीबाहेर गेली नाहीत, तर त्यांचा आंतरराज्य व्यापाराशी संबंध येत नाही. मग आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराखाली केलेले केंद्राचे कायदे त्यांना लागू नाहीत, नोंदणीची सक्तीही नाही.

श्वाइट्झर डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. हे मुद्दाम सांगतो, कारण हा सगळा रिपब्लिकन पक्षाचा उद्योग आहे अशी आपल्याकडे सरसकट समजूत असते. रॉकी पर्वताच्या पट्ट्यात बंदूक आणि वॉशिंग्टनविषयीचा संशय या दोन्ही गोष्टी पक्षाच्या पलीकडच्या आहेत.

त्याच वर्षी टेनेसीने असाच कायदा केला. २०१० मध्ये युटा, वायोमिंग, साउथ डकोटा, ॲरिझोना, आयडाहो आणि अलास्का यांनी केला. २०१३ मध्ये कॅन्ससने केला आणि तो सगळ्यांत आक्रमक निघाला.

'मेड इन मोंटाना' असा शिक्का खरोखर मारायचा होता का?

हो, कायद्यातच तशी अट आहे. बंदुकीच्या मुख्य धातूच्या भागावर, म्हणजे फ्रेम किंवा रिसीव्हरवर, 'मेड इन मोंटाना' हे शब्द स्पष्ट कोरलेले हवेत. स्क्रू, स्प्रिंग, पिना, नट असे किरकोळ भाग बाहेरून आणले तरी चालतील. न घडवलेलं पोलाद आणि न तासलेलं लाकूड बाहेरचं असलं तरी त्याला बंदूक म्हणता येणार नाही, असंही त्यात लिहिलं आहे. मसुदा लिहिणाऱ्यांना वकील कुठे बोट ठेवतील याची पुरती कल्पना होती.

काही गोष्टी त्यांनी स्वतःच वगळल्या. एकट्या माणसाला उचलून वापरता येणार नाही असं शस्त्र, धूररहित दारूवर चालणारं दीड इंचाहून मोठ्या नळीचं शस्त्र, बाहेर पडल्यावर फुटणारी गोळी, आणि एकदा चाप ओढल्यावर एकाहून जास्त गोळ्या सुटतात अशी बंदूक. म्हणजे मशीनगन या कायद्याच्या बाहेरच होती.

केंद्राच्या कोणत्या कायद्यांपासून सुटका हवी होती?

मुख्यतः दोन. पहिला १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट. टोळीयुद्धांच्या काळात केलेल्या या कायद्याने मशीनगन, सायलेन्सर, आखूड नळीची रायफल (आजच्या मर्यादेने १६ इंचांहून कमी) आणि १८ इंचांहून आखूड नळीची शॉटगन यांवर २०० डॉलर कर आणि केंद्राकडे नोंदणी लादली. आजही अशी वस्तू बनवायची तर आधी एटीएफकडे अर्ज करावा लागतो, बोटांचे ठसे आणि फोटो द्यावा लागतो आणि मंजुरी येईपर्यंत थांबावं लागतं. एटीएफ म्हणजे दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकांवर देखरेख करणारी केंद्रीय यंत्रणा.

दुसरा १९६८ चा गन कंट्रोल ॲक्ट. बंदुका बनवण्याचा किंवा विकण्याचा धंदा करायचा तर केंद्राचा परवाना, प्रत्येक बंदुकीवर अनुक्रमांक आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची लेखी नोंद, हे त्यातून आलं. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासणं त्यात जोडलं.

राज्यांचा युक्तिवाद काय आहे? त्यात काही दम आहे का?

आहे, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. अमेरिकेच्या राज्यघटनेत केंद्राला मोजकेच अधिकार दिले आहेत. १७९१ ची दहावी घटनादुरुस्ती सांगते की जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत आणि राज्यांना मनाई केलेले नाहीत, ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात. बंदुकांवर कायदा करण्याचा अधिकार घटनेत केंद्राला थेट कुठेही दिलेला नाही. काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, हे कायदे मुख्यतः 'राज्याराज्यांमधील व्यापाराचं नियमन' या अधिकाराखाली करते. मग बिलिंग्जच्या कारखान्यात बनलेली रायफल मिझुलाच्या माणसाने विकत घेतली आणि ती मोंटानातच राहिली, तर त्यात दुसरं राज्य आलं कुठे?

साध्या वाचनाने या प्रश्नाला उत्तर सापडत नाही. ते सापडतं १९४२ च्या एका निकालात.

गव्हाच्या शेतकऱ्याचा या सगळ्याशी काय संबंध?

सगळा संबंध त्याचाच आहे. ओहायो राज्यातल्या रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याला १९४१ च्या हंगामासाठी केंद्राने ११.१ एकर गहू पेरण्याची मुभा दिली होती. मंदीनंतर गव्हाचे भाव सावरावेत म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला असा कोटा ठरवून दिला जाई. फिलबर्नने २३ एकर पेरले. वरच्या पेऱ्यातून २३९ बुशेल गहू जास्त निघाला आणि त्याला ११७ डॉलर ११ सेंट दंड झाला. तो म्हणाला, हा गहू माझ्या जनावरांना घालायला, घरी दळायला आणि बियाण्याला आहे. तो बाजारातच जाणार नाही, मग आंतरराज्य व्यापार कसला?

सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या विरोधात निकाल दिला. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांचं तर्कशास्त्र असं: घरचा गहू खाणारा शेतकरी बाजारातून गहू घेत नाही. एकट्या फिलबर्नने काही फरक पडत नसेल, पण देशभरातल्या त्याच्यासारख्यांची बेरीज केली तर भाव हलतात. म्हणून काँग्रेस त्याच्या शेतातही येऊ शकते.

ही बेरीज गेली ऐंशीहून अधिक वर्षं अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेचा पाया आहे. कामगार कायद्यांपासून वंशभेदविरोधी कायद्यांपर्यंत असंख्य चांगल्या गोष्टी तिच्यावर उभ्या आहेत. तरीही माणसाने स्वतःच्या रानात स्वतःच्या गोठ्यासाठी पिकवलेलं धान्य आंतरराज्य व्यापार ठरावं, हे मला पटत नाही. मोंटानाच्या लोकांच्या रागाचं मूळ इथे आहे आणि तो राग खोटा नाही. त्यांनी उपाय मात्र चुकीचा निवडला.

काँग्रेसच्या या अधिकाराला कुठेच मर्यादा नाही का?

१९९५ मध्ये एकदा मर्यादा घातली गेली. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या शाळेत बारावीचा विद्यार्थी पिस्तूल घेऊन आला होता. त्याच्यावर शाळेच्या आवारात बंदूक बाळगण्याच्या केंद्रीय कायद्याखाली खटला झाला. लोपेझ खटला म्हणून तो ओळखला जातो. सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो कायदाच घटनाबाह्य ठरवला: शाळेत बंदूक बाळगणं ही काही आर्थिक उलाढाल नव्हे. राज्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्यांना त्या निकालाने मोठी आशा दिली.

२००५ च्या राइच खटल्याने ती आशा बरीचशी मावळली. कॅलिफोर्नियात औषधी गांजा राज्याच्या कायद्याने मान्य होता. आजारी माणसं स्वतःपुरता पिकवत, विकत नसत. तरीही ६ विरुद्ध ३ मतांनी न्यायालय म्हणालं की केंद्र त्यावर बंदी घालू शकतं. गव्हाचीच बेरीज पुन्हा मांडली गेली.

याचा बंदुकांवर थेट परिणाम झाला. ॲरिझोनातल्या एका माणसाने घरी मशीनगन बनवल्या होत्या. २००३ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे मोंटानासह पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या, केंद्रीय अपील न्यायालयाने त्याबद्दलची त्याची शिक्षा रद्द केली होती. राइच निकालानंतर सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण फेरविचाराला परत पाठवलं आणि २००६ मध्ये त्याच न्यायालयाने शिक्षा कायम केली. म्हणजे मोंटानाने कायदा केला तेव्हा त्यांच्याच भागाच्या अपील न्यायालयाचा ताजा निकाल त्यांच्या विरोधात होता. हे माहीत असूनच त्यांनी पाऊल उचललं. सर्वोच्च न्यायालयाला हा प्रश्न पुन्हा हाती घ्यायला लावायचं, हाच उद्देश होता.

मोंटानाच्या खटल्याचं काय झालं?

गॅरी मार्बट हे मोंटाना शूटिंग स्पोर्ट्स असोसिएशनचे अध्यक्ष आणि या कायद्यामागची खरी प्रेरणा. त्यांनी 'मोंटाना बकारू' नावाची मुलांसाठीची छोटी .२२ रायफल बनवायचं ठरवलं, तीही केंद्राच्या परवान्याशिवाय. एटीएफने जुलै २००९ मध्येच खुलं पत्र काढून बजावलं होतं की राज्याचा कायदा काहीही म्हणो, केंद्राचे नियम लागू राहतील. मार्बट यांनी बंदूक बनवून अटकेची वाट पाहिली नाही. कायदा लागू झाला त्याच दिवशी, १ ऑक्टोबर २००९ रोजी, ते मिझुलाच्या केंद्रीय न्यायालयात गेले.

ही पद्धत मला मोलाची वाटते. कायद्याची कसोटी घ्यायची होती, पण त्यासाठी कुणाला बळी दिलं नाही.

२०१० मध्ये दावा फेटाळला गेला. ऑगस्ट २०१३ मध्ये नवव्या सर्किटने एक गोष्ट मार्बट यांच्या बाजूने सांगितली: धंदा करता येत नसल्याने त्यांचं आर्थिक नुकसान होतं, म्हणून त्यांना दावा करण्याचा अधिकार आहे. मूळ मुद्द्यावर मात्र ते हरले. परवान्याविना बनलेल्या बंदुका राज्यात ठेवायच्या असं ठरवलं तरी त्या बाहेर जाऊ शकतात आणि अशा सगळ्या बंदुकांची बेरीज देशाच्या बाजारावर परिणाम करते, असं काँग्रेसला वाटणं तर्काला धरून आहे, असं न्यायालय म्हणालं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला.

कॅन्ससमध्ये खरंच कुणाला शिक्षा झाली का?

झाली. हे प्रकरण सगळ्यांनी नीट वाचावं.

कॅन्ससचा 'सेकंड अमेंडमेंट प्रोटेक्शन ॲक्ट' (सेकंड अमेंडमेंट म्हणजे शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती) गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांच्या सहीने एप्रिल २०१३ मध्ये लागू झाला. राज्यात बनलेल्या आणि राज्यातच राहिलेल्या बंदुकांवर केंद्राचा कायदा चालणार नाही, इतकंच म्हणून तो थांबला नाही. अशा बंदुकीबाबत केंद्राचा कायदा बजावणाऱ्या केंद्रीय अधिकाऱ्यावरच गुन्हा दाखल होईल, असं त्यात लिहिलं. त्याच महिन्यात अमेरिकेचे ॲटर्नी जनरल, म्हणजे केंद्राच्या न्यायखात्याचे प्रमुख, एरिक होल्डर यांनी ब्राउनबॅक यांना पत्र पाठवून कायदा घटनाबाह्य असल्याचं आणि केंद्रीय यंत्रणा आपलं काम करत राहणार असल्याचं कळवलं.

ही पत्रं गव्हर्नरच्या कार्यालयात पोचतात. चॅन्यूट या छोट्या गावातल्या दुकानात कायद्याची एक प्रत गल्ल्याजवळ लावलेली होती. लष्करी सामानाचं ते दुकान. दुकानदार सायलेन्सर बनवून उघडपणे विकत होता, त्यावर राज्याचा विक्रीकर घेत होता. एका माजी सैनिकाने त्याच्याकडून सायलेन्सर घेतला. दोघांपैकी कुणीही काही लपवलं नाही, कारण राज्याने सांगितलं होतं की हे कायदेशीर आहे.

नोव्हेंबर २०१६ मध्ये केंद्रीय न्यायालयात दोघेही १९३४ च्या कायद्याखाली दोषी ठरले. तुरुंग टळला, प्रोबेशनवर, म्हणजे न्यायालयाच्या देखरेखीखाली बाहेर राहण्यावर, भागलं. तरी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला केंद्राच्या कायद्याने पुढे कुठलीच बंदूक बाळगता येत नाही. शस्त्र बाळगण्याचा हक्क जपण्यासाठी केलेल्या कायद्यावर विश्वास ठेवला आणि तोच हक्क गेला.

ऑक्टोबर २०१८ मध्ये दहाव्या सर्किटने शिक्षा कायम केली. त्यातले दोन मुद्दे महत्त्वाचे. एक, न्यायालयाला आंतरराज्य व्यापाराच्या वादात शिरावंच लागलं नाही. १९३४ चा कायदा हा कर आहे, कर लावण्याचा अधिकार काँग्रेसला आहे आणि १९३७ पासून सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं आहे, एवढं पुरलं. 'मेड इन कॅन्सस'चा सगळा युक्तिवाद व्यापाराच्या कलमाभोवती बांधलेला होता आणि खटला दुसऱ्याच दाराने आत आला. दोन, 'राज्याच्या कायद्यावर विसंबून वागलो' हा बचाव चालत नाही. केंद्राच्या कायद्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याने चुकीचं सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी होती. राज्याच्या विधिमंडळाला तो अधिकार नाही.

जून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. मतदान करणाऱ्या एकाही आमदाराला यातलं काही भोगावं लागलं नाही. लोकप्रतिनिधींनी आपल्याच नागरिकाला असं उघड्यावर टाकावं, याचा मला राग येतो.

राज्याचे पोलीस केंद्रीय अधिकाऱ्याला अटक करू शकतात का?

केंद्राचा वैध कायदा बजावल्याबद्दल नाही. घटनेच्या सहाव्या अनुच्छेदानुसार केंद्राचा कायदा राज्याच्या कायद्याच्या वर असतो. अशी कलमं कागदावर धमकी म्हणून राहिली आहेत.

मग राज्यांच्या हातात काहीच नाही का?

भरपूर आहे, आणि ते मोंटानाच्याच एका शेरीफने, म्हणजे काउंटीच्या (जिल्ह्याच्या) पोलीसप्रमुखाने, मिळवून दिलं आहे.

ब्रेडी कायद्याने सुरुवातीच्या काळात बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याचं काम स्थानिक पोलीसप्रमुखांवर टाकलं होतं. रव्हाली काउंटीचे शेरीफ जे प्रिंट्झ आणि ॲरिझोनाच्या ग्रॅहम काउंटीचे शेरीफ रिचर्ड मॅक यांनी याला आव्हान दिलं. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की केंद्र आपला कायदा राबवायला राज्याच्या अधिकाऱ्यांना जुंपू शकत नाही. कायदा तुमचा, तर माणसंही तुमचीच आणा.

हा निकाल अतिशय ताकदीचा आहे. केंद्राकडे गावोगावी पोलीस नाहीत, ते राज्यांच्या मदतीवर अवलंबून असतं. राज्याने 'आमचे पोलीस, आमचा पैसा, आमचा वेळ यासाठी मिळणार नाही' एवढंच म्हटलं तरी केंद्राचा हात आखडतो. स्थलांतरितांवरच्या कारवाईत मदत नाकारणारी डेमोक्रॅटिक शहरं नेमका हाच आधार घेतात. मोंटानाने स्वतः २०२१ मध्ये या वाटेने कायदा केला: बंदुकांवरच्या केंद्राच्या बंदीची अंमलबजावणी राज्याच्या आणि स्थानिक अधिकाऱ्यांनी करू नये.

मदत नाकारणं हा राज्याचा हक्क आहे. केंद्राचा कायदा रद्द झाल्याचं जाहीर करणं हा हक्क नाही. एवढा फरक लक्षात ठेवला तर या विषयावरच्या बहुतेक बातम्या आपोआप उलगडतात.

मिसुरीचा कायदा का पडला, त्यांनीही मदतच नाकारली होती ना?

मदत नाकारली, पण वर बरंच काही जोडलं. जून २०२१ मध्ये गव्हर्नर माइक पार्सन यांनी सही केलेल्या कायद्याने केंद्राचे काही बंदूक कायदे मिसुरीत 'अवैध' असल्याचं घोषित केलं आणि ते राबवायला मदत करणाऱ्या स्थानिक पोलीस खात्याला प्रत्येक वेळी ५०,००० डॉलर दंडाची तरतूद केली. पोलीस खाती घाबरली. केंद्राबरोबरच्या संयुक्त पथकांतून काहींनी माणसं काढून घेतली. ओफॅलन शहराच्या पोलीसप्रमुखांनी राजीनामा दिला. ज्या गुन्ह्यांविषयी मिसुरीत कुणाचंच दुमत नव्हतं, त्यांच्या तपासातही सहकार्य अडलं.

मार्च २०२३ मध्ये जिल्हा न्यायाधीश ब्रायन वाइम्स यांनी हा कायदा घटनाबाह्य ठरवला. ऑगस्ट २०२४ मध्ये आठव्या सर्किटने तो निकाल उचलून धरला. राज्याला मदत काढून घेता येते, पण केंद्राचा कायदा अवैध आहे असं जाहीर करून त्या आधारावर नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

गांजाला चालतं, मग बंदुकीला का नाही?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि तो रास्त आहे. अनेक राज्यांत गांजाची दुकानं उघड चालतात, तरी केंद्राच्या कायद्याने तो गुन्हाच आहे.

केंद्राचा कायदा तिथेही मेलेला नाही, केंद्राने कारवाई बहुतांशी न करायचं ठरवलं आहे. औषधी गांजाबाबत तर काँग्रेसनेच २०१४ पासून अर्थसंकल्पात अट घातली आहे की राज्यांच्या कायद्यांत अडथळा आणायला न्यायखात्याने पैसा खर्चू नये. बंदुकांबाबत अशी अट नाही. आणि गांजाच्या राज्यांनी स्वतःचा फौजदारी कायदा मागे घेतला, केंद्राचा कायदा रद्द झाल्याचं सांगितलं नाही.

टेक्सासच्या सायलेन्सर कायद्याचं काय?

टेक्सासने २०२१ मध्ये जरा शहाणपणाने पाऊल टाकलं. 'मेड इन टेक्सास' सायलेन्सरवर केंद्राचा कायदा नाही असं म्हणताना, सायलेन्सर बनवू इच्छिणाऱ्याने आधी राज्याच्या ॲटर्नी जनरलला कळवावं आणि त्यांनी न्यायालयाकडून तसा निकाल मिळवावा, अशी सोय ठेवली. कॅन्ससचा अनुभव समोर होता. त्याप्रमाणे ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी २०२२ मध्ये दावा लावला. २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि जून २०२४ मध्ये पाचव्या सर्किटने तो फेटाळला. कारण होतं दावा करण्याचा अधिकार. प्रत्यक्ष होणारं नुकसान दाखवता आलं नाही. मूळ प्रश्नाला हातच लागला नाही.

केंद्राचा कायदा राज्याने झुगारणं हे नवीन आहे का?

अजिबात नाही. १७९८ मध्ये केंटकी आणि व्हर्जिनियाने केंद्राच्या कायद्यांविरुद्ध ठराव केले, त्यांचे लेखक होते जेफरसन आणि मॅडिसन. १८३२ मध्ये साउथ कॅरोलायनाने आयातकर रद्दबातल ठरवला आणि राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन लष्कर धाडायच्या तयारीला लागले. या परंपरेचा एक उजळ भागही आहे. पळून आलेल्या गुलामांना मालकाच्या ताब्यात देण्याचा केंद्राचा कायदा विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने मानला नाही. १८५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विस्कॉन्सिनच्या विरोधात निकाल दिला. उलट बाजूला, काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश द्यायला नकार देणाऱ्या आर्कान्सासला १९५८ मध्ये त्याच तत्त्वाने गप्प केलं गेलं. एकाच हत्याराने न्यायाची आणि अन्यायाची दोन्ही कामं करायचा प्रयत्न झाला आणि न्यायालयाने दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं.

स्वतःपुरती बंदूक घरी बनवणंही गुन्हा आहे का?

केंद्राच्या कायद्याने नाही. ज्याला बंदूक बाळगायला मनाई नाही असा माणूस स्वतःच्या वापरासाठी साधी रायफल किंवा पिस्तूल परवान्याशिवाय बनवू शकतो. विकण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो. सायलेन्सर, आखूड नळीची रायफल वगैरेंना आधी मंजुरी लागते. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीसारख्या काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत. तयार संचातून जोडल्या जाणाऱ्या, अनुक्रमांक नसलेल्या 'घोस्ट गन'वरचा एटीएफचा २०२२ चा नियम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी कायम ठेवला.

२०२६ पासून सायलेन्सरवरचा कर शून्य झाला, म्हणजे आता मोकळीक का?

मोकळीक नाही, पण कायद्याच्या अंगाने ही खरोखर मोठी घडामोड आहे. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कर आणि खर्चाच्या मोठ्या विधेयकाने १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर, आखूड रायफल आणि आखूड शॉटगन यांवरचा २०० डॉलरचा कर शून्यावर आणला. मशीनगनवरचा तसाच आहे. नोंदणी, ठसे, मंजुरी यांतलं काहीच सुटलेलं नाही.

आता कॅन्ससचा निकाल आठवा. तिथे १९३४ चा कायदा टिकला तो कर म्हणून. कर शून्य असेल तर नोंदणीला घटनेचा आधार कोणता? हा प्रश्न घेऊन बंदूक हक्कांच्या संघटना न्यायालयात गेल्या आहेत. सरकारला कदाचित पुन्हा व्यापाराच्या कलमाकडे वळावं लागेल आणि मग फिलबर्नचा गहू पुन्हा चर्चेत येईल. मार्बट यांना जी सुनावणी मिळाली नाही, ती या वाटेने मिळण्याची शक्यता मला जास्त दिसते.

भारतात एखादं राज्य असा कायदा करू शकेल का?

नाही. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्रसूचीतली पाचवी नोंदच शस्त्रं, बंदुका, दारूगोळा आणि स्फोटकांची आहे. १९५९ चा शस्त्र कायदा संसदेने केला. महाराष्ट्रात परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडून मिळतो, पण तो केंद्राच्या कायद्याखालीच.

'मेड इन मोंटाना'सारखे कायदे आता रद्द झाले आहेत ना?

बरेच अजून राज्यांच्या कायदेसंग्रहात छापलेले आहेत. न्यायालयाने निष्प्रभ ठरवलेला कायदा विधिमंडळाने स्वतः काढेपर्यंत पुस्तकातून जात नाही. म्हणून इंटरनेटवर राज्याचं कलम वाचून 'हे चालतं' असं ठरवू नका. दुकानदाराने 'इथेच बनलंय, कागदपत्रं लागत नाहीत' असं म्हटलं, तर ती वस्तू हातात न घेता बाहेर पडा.

मी एच-१बी व्हिसावर टेक्सासमध्ये आहे. इथले कायदे सैल आहेत, तर मला बंदूक घेता येईल का?

राज्याचे कायदे किती सैल आहेत याने तुमचं काही ठरत नाही. स्थलांतरित नसलेल्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला, म्हणजे एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ या सगळ्यांना, केंद्राच्या कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमी लागणारा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू असलेला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई नाही.

'बाळगणं' यात थोडा वेळ हातात घेणंही येतं. शनिवारी ऑफिसच्या मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक चालवणं, पुण्याहून आलेल्या आईवडिलांना गंमत म्हणून तिथे नेऊन त्यांच्या हातात पिस्तूल देऊन फोटो काढणं, हे आपल्या मंडळींत सर्रास चालतं. शिकारीचा परवाना नसेल तर तो केंद्रीय गुन्हा आहे. बंदुकीशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, आणि हे ग्रीन कार्डवाल्यांनाही लागू आहे. रेंजवर जायचंच असेल तर आधी त्या राज्याच्या वन्यजीव खात्याकडून शिकारीचा परवाना काढा, तो मुदतीत आहे ना ते पाहा, जाताना जवळ ठेवा, आणि त्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोला.